पाण्याच्या टाकीवरचा बहिरी ससाणा: हाकलायचा की राहू द्यायचा?

वाडीकर
नमस्कार मंडळी. रविवारी आमच्या बडोद्याच्या सोसायटीची मीटिंग आहे आणि तीत एका पक्ष्याचा निकाल लागणार आहे, म्हणून घाईने हा धागा काढतोय.

दिवाळीनंतर आमच्या उंच पाण्याच्या टाकीवर एक ससाणा मुक्कामाला आलाय. सकाळी कठड्यावर ऊन आलं की हजर, नंतर गायब, दिवेलागणीला परत. टाकीखाली पारव्यांच्या पिसांचा सडा. शेजारच्या सोसायटीत पाखरांना दाणा घालायचा चबुतरा आहे, तिथे रोज ज्वारी-बाजरी पडते, त्यामुळे पारव्यांना तोटा नाही. पण दाणा घालणाऱ्या मंडळींना हे सहन होत नाहीये. "आम्ही पुण्य करायचं आणि तुमच्या टाकीवर बसून त्याने मुडदे पाडायचे?" असा थेट निरोप आला. आमच्यातलेही काही त्यांना सामील आहेत. दिवाळीचे सुतळी बॉम्ब उरलेत, ते टाकीवर लावून त्याला हाकलावा असा ठराव येतोय. ज्या घरांत तान्ही मुलं आहेत त्यांना वेगळीच धास्ती.

फोटो मोबाइलवरचा आहे, धूसर आहे. पाठ निळसर करडी, पोट पांढरं आणि त्यावर बारीक आडव्या रेघा, डोळ्याखाली काळा पट्टा. हा नेमका कोण, किती दिवस राहणार, आणि हाकलू नये म्हणायला मुद्दा काय, एवढं कुणी सांगेल का? "बघायला छान वाटतो" हे कमिटीत चालत नाही.

दुर्बीण
वाडीकर, बहिरी ससाणा आहे. लांब टोकदार पंख आणि डोळ्याखालची जाड काळी मिशी दिसतेय, तेवढं पुरे. पोटावर आडव्या रेघा म्हणजे पूर्ण वाढलेला. पहिल्या वर्षातला असता तर पाठ तपकिरी आणि छातीवर उभे फराटे असते.

या जातीचे दोन प्रकार आपल्याकडे दिसतात. एक थंडीचा पाहुणा, कॅलिडस. तो रशियाच्या उत्तरेकडच्या टुंड्रात वीण करतो, ऑक्टोबरच्या आसपास इकडे येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परततो. अंगाने मोठा, रंगाने उजळ, गाल पांढरे. दुसरा इथलाच रहिवासी, शाहीन. तो लहान पण दणकट, डोकं जवळजवळ काळं, पोट तांबूस. शाहीन कड्याकपारीत राहतो आणि थंडी ते उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत तिथेच अंडी घालतो. तुमचा पहिल्या प्रकारचा दिसतोय. म्हणजे कुणी काही केलं नाही तरी उन्हाळ्याच्या तोंडाशी तो आपण होऊन जाईल.

मुलांचं म्हणाल तर निर्धास्त राहा. हा उडते पक्षी हवेतच धरतो. पारवे, होले, बदकं, पोपट, मैना, क्वचित वटवाघूळ. घरट्याजवळ गेलं तर तो माणसाच्या अंगावर येतो खरा, पण याचं घरटं इथून हजारो किलोमीटरवर आहे.

नीला_निजामपुरा
शिक्रा नसेल कशावरून? आमच्या कडुनिंबावर एक येतो, त्याच्याही पोटावर रेघा आहेत.

दुर्बीण
नीलाताई, डोळे बघा. पूर्ण वाढलेल्या शिक्र्याचे डोळे पिवळे किंवा लाल, ससाण्याचे गडद तपकिरी, लांबून काळेच वाटतात. शिक्र्याचे पंख आखूड नि गोलसर, शेपूट लांब, कारण त्याला झाडांच्या गर्दीतून वळत जायचं असतं. ससाण्याला मोकळं आकाश लागतं. तो उघड्या टाकीवर बसेल, तुमच्या कडुनिंबाच्या पोटात शिरणार नाही.

जाता जाता एक मजा. जनुकांचा मोठा अभ्यास २००८ मध्ये आला आणि ससाण्यांचं गोत्रच बदललं. शिक्रा, घार, गरुड एका घरातले. ससाणे मात्र त्यांच्यापेक्षा पोपटांना आणि चिमणी-बुलबुलांना जवळचे निघाले. वाकडी चोच आणि नख्या दोन्ही घराण्यांनी वेगवेगळ्या कमावल्या. चबुतऱ्यावर येणाऱ्या पोपटांना कळवू नका.

हर्षल_मांजलपूर
ताशी ३८९ किलोमीटर!!! जगातला सगळ्यात वेगवान प्राणी तुमच्या टाकीवर बसतो आणि सोसायटी त्याच्याखाली सुतळी बॉम्ब लावणार? वाडीकरकाका, सेक्रेटरींचा नंबर द्या.

चिकित्सक
हर्षल, ३८९ हा आकडा विमानातून झेप घ्यायला शिकवलेल्या एका पाळीव मादीचा आहे. आकडा खोटा नाही, पण रोजच्या शिकारीत एवढ्या उंचीवरून सूर मारायची वेळ क्वचितच येते. सरळ उडताना तो ताशी शंभरच्या आसपास असतो, आणि तेवढ्या वेगाला पारवाही बऱ्यापैकी टक्कर देतो. म्हणूनच ससाण्याला आधी उंची मिळवावी लागते.

मला वेगापेक्षा नेम भारी वाटतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ससाण्यांच्या अंगावर जीपीएस आणि छोटे कॅमेरे बसवून हल्ल्याचे मार्ग मोजले, निबंध २०१७ मध्ये आला. सावज आत्ता जिथे आहे तिथे ससाणा जात नाही. त्याच्याकडे रोखलेली नजरेची रेघ ज्या गतीने फिरते, त्या प्रमाणात तो स्वतःचं वळण बदलत राहतो. सावजाचा वेग किंवा अंतर वेगळं मोजावं लागत नाही. क्षेपणास्त्रांना लक्ष्यावर नेण्यासाठी इंजिनिअरांनी हाच नियम वापरलाय. एवढं असूनही बऱ्याचशा झडपा फुकट जातात. चबुतऱ्यावाल्यांना हेही सांगा.

खवय्या_खंडेराव
म्हणजे उपाशी दिवस त्यालाही असतात तर. आम्हाला उंधियूचा सीझन, त्याला पारव्याचा.

नंदेसरीकाका
वाडीकर, मीटिंगमध्ये सांगायला माझ्याकडे एक हकीकत आहे, आणि तिची सुरुवात तुमच्यासारख्याच तक्रारीने होते. माझी नोकरी सगळी रसायनांच्या कारखान्यात गेली, म्हणून हा विषय मी थोडा मन लावून वाचला आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक संदेशासाठी कबुतरं सोबत नेत. ससाणे ती मारतात म्हणून १९४० मध्ये सरकारनेच हुकूम काढला आणि सुमारे सहाशे ससाणे मारले गेले. युद्ध संपलं, हुकूम गेला, संख्या सावरू लागली. पुढे १९६० च्या सुमारास कबुतरांच्या शर्यती लावणाऱ्यांनी सरकारकडे गाऱ्हाणं नेलं की ससाणे फार माजलेत, यांचं कायद्याचं संरक्षण काढा. सरकारने म्हटलं, आधी मोजू. डेरेक रॅटक्लिफ नावाच्या शास्त्रज्ञाकडे गणना आली. १९६१-६२ मध्ये माणसं कड्याकड्यांवर जाऊन आली तेव्हा उलटंच चित्र दिसलं. दक्षिण इंग्लंडचे जुने कडे ओस पडले होते. जिथे जोड्या होत्या तिथेही घरट्यात फुटकी अंडी. माजलेत अशी तक्रार झाली नसती तर संपत चाललेत हे कळायला आणखी किती वर्षं गेली असती, देव जाणे.

पुढचा भाग मला फार आवडतो. रॅटक्लिफनी जुनी अंडी शोधली. इंग्लंडात घरट्यातून अंडी पळवून कपाटात मांडायचा शौक होता, वाईटच शौक, पण त्यामुळे कित्येक दशकांची टरफलं तारखांसकट जपलेली मिळाली. त्यांनी ती मापली आणि वजन केली. १९४७ च्या सुमारापासून टरफल एकदम पातळ झालेलं, जवळजवळ पाचवा हिस्सा कमी. डीडीटी हे कीटकनाशक सर्रास वापरात आलं तोच हा काळ. निबंध १९६७ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला.

यातलं रसायन असं. डीडीटीचं शरीरात डीडीई होतं आणि ते चरबीत साठतं, बाहेर पडत नाही. फवारलेलं बी नि किडे छोट्या पक्ष्याने खाल्ले, असे कितीतरी पक्षी ससाण्याने खाल्ले, की वरच्या पायरीवर साठा वाढतच जातो. मादीच्या अंगात टरफल तयार होतं तिथे कॅल्शियम पोचवण्याची क्रिया त्यामुळे मंदावते. ती अंडी घालते, उबवायला बसते, आणि तिच्याच वजनाने अंडं फुटतं. डील्ड्रिनसारखी आणखी विषारी औषधं बियाण्याला चोळत, त्यांनी तर मोठे ससाणे थेट मेले.

अमेरिकेत तर मिसिसिपी नदीच्या पूर्वेला १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वीण करणारी एकही जोडी उरली नव्हती. तिथे १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली. पण पक्षीच नसेल तर नुसत्या बंदीने काय होणार? कॉर्नेल विद्यापीठातले टॉम केड स्वतः ससाणे पाळून शिकार करणारे. त्यांनी १९७० मध्ये पेरेग्रिन फंड ही संस्था काढली, पिंजऱ्यात वीण जमवली आणि १९७३ मध्ये २० पिलं वाढवली. ती पिलं उडण्याआधीच उंच मचाणावरच्या खोक्यात ठेवायची, माणूस दिसू न देता खाणं पुरवायचं, आणि ती आपसूक उडून शिकारीला लागेपर्यंत थांबायचं, अशी पद्धत. ही पद्धत शिकारी ससाणे पाळणाऱ्यांची, शेकडो वर्षांची. १९७५ मध्ये उत्तर अमेरिकेत फक्त ३२४ जोड्या माहीत होत्या. ऑगस्ट १९९९ मध्ये पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. ब्रिटनमध्ये २०१४ च्या गणनेत सतराशेहून जास्त जोड्या निघाल्या. आज लंडन-न्यूयॉर्कच्या इमारतींवर ते घरटी करतात, कारण उभी भिंत म्हणजे कडा आणि खाली पारव्यांचं कोठार.

तुमची टाकी त्याला तशीच वाटत असणार.

नीला_निजामपुरा
काका, आपल्याकडे डीडीटी बंद आहे ना?

नंदेसरीकाका
शेतीसाठी १९८९ पासून बंद. डास आणि काळ्या आजाराच्या माश्यांसाठी घराच्या भिंतींवर फवारायची परवानगी राहिली. त्यावर मी नाक मुरडणार नाही, मलेरियाने घरं बसलेली मी पाहिलीत. ससाण्याचा घात मुख्यतः शेतातल्या बेसुमार फवारणीने केला. लोक दोन्हींना एका दावणीला बांधतात, ते मला पटत नाही.

शंकासुर
सगळं छान. पण जगभरात हा पक्षी धोक्याबाहेर आहे, आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत सगळ्यात कमी धोक्याच्या पायरीवर. मग एका टाकीवरून एक ससाणा हलवला तर काय बिघडलं? आणि पारव्यांचा जीव जीव नाही का?

वकीलवहिनी
शंकासुर, जीवाचा वाद मी घालत नाही, कायद्याचं सांगते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत बहिरी ससाणा आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. त्या कायद्यात शिकारीची व्याख्या मारण्या-पकडण्यावर थांबत नाही. प्राण्याला हाकणं त्यात येतं, आणि तसा प्रयत्नही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा तीन ते सात वर्षं कैद, शिवाय दंड. वाडीकर, ठराव लेखी होऊ द्या म्हणावं. त्यावर सेक्रेटरींची सही असेल, तारीख असेल. वन खात्याला आयता कागद मिळेल.

शंकासुर
😄 वहिनी, मी फक्त विचारत होतो.

दुर्बीण
प्रश्न रास्त आहे, उत्तर देतो. जगभरचा आकडा चांगला आहे तो कुणीतरी पन्नास वर्षं राबल्यामुळे. पिलांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्याच वर्षात मरतात. त्यातून जगलेला मोठा पक्षी, टुंड्रापासून इथवर येऊन बसलेला, वीण करणारा, हा त्या आकड्याचा कणा आहे. पारव्यांचं म्हणाल तर ससाण्याला दिवसाला एक पारवाही जास्त होतो. चबुतऱ्याचा थवा केवढा असतो ते तुम्हीच बघा. मुंबईत २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रण माजलं. इथे एक पाहुणा फुकटात आळा घालतोय, त्याच्यावर कसला राग!

विश्वामित्रीकाठ
थंडीत वढवाण्याला जा एकदा, डभोईजवळ. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० मध्ये बांधलेला तलाव, २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत. हजारो बदकं पाण्यावर पसरलेली असतात, गप्पाटप्पा चाललेल्या. मग एकदम सगळी उठतात, बगळे, शराटी सगळे. नवखे लोक बदकांचे फोटो काढतात. जुने जाणते मान वर करून आकाशात काळा ठिपका शोधतात.

भटकंती_चांपानेर
पाहुण्याचं सोडा, शाहीनची जोडी आमच्या बाजूला आहे. पावागडाच्या [संपादित: घरट्याची जागा काढून टाकली आहे. - व्यवस्थापक] तिथे मागच्या वर्षी दोन पिलं उडाली.

व्यवस्थापक
भटकंती, राग नसावा. शाहीनच्या घरट्याची खूण उघड्यावर लिहू नका. पिलं विकणारे असतात आणि फोटोसाठी कड्यावर चढणारेही. फोटोवाल्यांचा त्रास लहान नाही, मादी उठून गेली की अंडी उन्हात भाजतात. तुमच्या नोंदी वन खात्याला जरूर कळवा.

भटकंती_चांपानेर
मान्य. खाली बसून पाहिलेलं तर सांगू? नर शिकार घेऊन येतो, मादी कड्यावरून उठून हवेतच उलटी होते आणि त्याच्या पायातून घेऊन जाते. नर तिच्याहून पार लहान, साधारण एक तृतीयांशाने. घरटं म्हणून काडी नाही की गवत नाही, कपारीतली माती पायाने उकरायची, की झालं. महिनाभर उबवणं, पुढे सहा आठवड्यांनी पिलं उडतात.

डॉ_पशुवैद्य
इतका वेळ वाचत होते. सुतळी बॉम्ब हा विषय मला किरकोळ वाटतो, माफ करा. वाडीकर, तुमच्या ससाण्याला खरा धोका १४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायणाच्या पतंगांचा आहे आणि त्यात ठरावाच्या बाजूचे आणि विरोधातले दोघेही गच्चीवर असणार आहेत.

पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा एक पातळ पडदा असतो, त्यात एक लांब स्नायुबंध. मांजा नेमका तिथे बसतो. घारीचा पडदा शिवला आणि पंख थोडा आखडला तरी ती उकिरड्यावर पोट भरते. ससाण्याला हे चालत नाही. दोन्ही पंख अगदी सारखे चालले नाहीत तर सूर नाही, आणि सूर नाही तर शिकार नाही. जखम भरली, पक्षी जगला, पण सोडता येत नाही, अशी केस आमच्यासाठी सगळ्यात वाईट.

पतंगवीर_रावपुरा
झालं! शेवटी गाडी उत्तरायणावर आलीच. डॉक्टर, वर्षातून दोन दिवस आहेत हो आमचे. आमच्या घरी आजोबांपासून फिरकी आहे. सुरती मांजा, काचेचा, सुती. चायनीज आम्ही शिवतही नाही. सगळं खापर आमच्यावर का?

डॉ_पशुवैद्य
खापर नाही फोडत. माझ्या घरीही पतंग उडतो आणि माझा नवरा 'काप्यो छे' ओरडून घसा बसवून घेतो. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, ती योग्यच, तो तुटत नाही आणि कुजतही नाही. पण काच लावलेला सुती मांजाही पडदा कापतो. तो बरा एवढ्याचसाठी की पुढच्या पावसाळ्यापर्यंत झाडावर राहत नाही.

मी मागते ते वेळेपुरतं आहे. गुजरातेत २०१७ पासून जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान चालतं, तेही दरवर्षी सांगतं की सकाळी लवकर आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग नको. ऐकतो कोण! आता वाडीकरांनी लिहिलेल्या वेळा बघा. सकाळी उन्हात बसून मग निघतो, दिवेलागणीला परततो. तुमच्या सोसायटीला त्याचं जाण्यायेण्याचं वेळापत्रक माहीत आहे, बाकीच्या शहराला नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर तुमची आणि आजूबाजूची गच्ची मोकळी ठेवलीत तर बराच फरक पडेल. रात्रीचे तुक्कल, म्हणजे दोऱ्याला कंदील लावलेले पतंग, तर अजिबात नकोत.

पतंगवीर_रावपुरा
नऊच्या आधी तसाही वारा नसतो. संध्याकाळचं जड जाईल. पाचला तर पेच रंगतात.

डॉ_पशुवैद्य
साडेपाच करा, पण मग एकदम फिरकी खाली. आणि १६ तारखेला पोरांना कटलेला मांजा गोळा करायला लावा. किलोवर चिक्की ठेवा, पोती भरतात.

पक्षी सापडलाच तर हे लक्षात ठेवा. दोरा ओढू नका, कात्रीने दोन्हीकडून कापा आणि अंगात गुंतलेला तसाच राहू द्या. डोक्यासकट सुती कापड टाका, म्हणजे तो शांत होतो. पाय सांभाळा, ससाणा चोचीपेक्षा नख्यांनी जास्त जखम करतो. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. खाऊ घालू नका, हळद-तेल चोपडू नका. १९६२ या प्राण्यांच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा वन खात्याला कळवा. घरी ठेवून बरा करू म्हणाल तर वकीलवहिनींचा कायदा तिथेही लागतो.

वाडीकर
मीटिंग झाली. वृत्तांत देतो.

वकीलवहिनींचा मुद्दा मी सुरुवातीलाच मांडला. त्यानंतर ठराव कुणी वाचलाच नाही, सेक्रेटरींनी कागद घडी करून खिशात ठेवला. नंदेसरीकाकांची हकीकत मात्र शेजारच्या चबुतऱ्यावाल्या काकांनी शेवटपर्यंत ऐकली. ते म्हणाले, "अंडं आईखालीच फुटतं हे मला माहीत नव्हतं." दाणा ते घालणारच आहेत, आणि ससाण्यावरचा त्यांचा राग पूर्ण गेलाय असं मी म्हणणार नाही. पण बॉम्बचा विषय त्यांनीच बंद केला.

संध्याकाळच्या पतंगावरून मात्र खरी जुंपली. साडेपाच ठरले, फक्त आमच्या दोन सोसायट्यांपुरते. तरुण मंडळींनी डीजे सातपर्यंत ठेवायच्या अटीवर कबूल केलं. डीजेचं ससाण्याला काय वाटेल ते डॉक्टरांनी सांगावं.

डॉ_पशुवैद्य
डीजेचं मला काय वाटतं ते सांगू का? 😄 टाकीपासून लांबच्या गच्चीवर लावा, स्पीकरचं तोंड दुसरीकडे. त्या दोन दिवसांत तो रात्री दुसरीकडे बसायला गेला तरी चालेल, फक्त साडेपाचनंतर दोरा नको.

वाडीकर
बरं. आणखी एक. टाकी दरवर्षी फेब्रुवारीत धुतात, माणसं शिडीने वर कठड्यापर्यंत जातात. चालेल की पुढे ढकलू?

दुर्बीण
तिथे घरटं नाही, त्यामुळे तसं बिघडत नाही, धुणारे उतरले की परत येईल. पण एप्रिलअखेर धुतलीत तर तोवर तो गेलेलाच असेल. आणि धुणाऱ्यांना सांगा, कठड्यावरची पिसं नि पाय फेकू नका, पिशवीत घालून माझ्यासाठी ठेवा. काय काय खाल्लंय ते पाहायचंय. पारवेच असतील असं नाही, लंडनसारख्या शहरांत ससाणे दिव्यांच्या उजेडात रात्रीही शिकार करतात आणि रात्री उडणारे स्थलांतरी पक्षी धरतात. पिशवीवर तारीख लिहा म्हणावं.